उंदीरघरातले परबमामा

परवा कट्ट्यावर बंड्या म्हणाला, “तावड्या, रिटायर झाल्यापासून तोंड शिवून बसलायस. एवढी वर्षं रक्ताच्या लॅबमध्ये काढलीस, काहीतरी सांग की!”

सांगायला काय, ढीग पडलाय. माणसाच्या शरीरात लोह आत घ्यायची सोय आहे, बाहेर टाकायची नाही. जास्त झालं की ते लिव्हरमध्ये साठतं, हृदयात साठतं, आणि मग एक दिवस माणूस जातो. किस्स्यांचं माझ्यात तसंच झालंय. एवढंच की किस्से निदान तोंडावाटे काढता येतात. तेव्हा ऐका. हसू आलं तर खुशाल हसा, मला हल्ली येत नाही.

*

आमची लॅब परळला, एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या बिल्डिंगमध्ये. प्रमुख होत्या डॉक्टर रेगे. आम्ही रेगेबाई म्हणायचो. गिरगावच्या, अंगानं काटकुळ्या, तोंडानं फटकळ, आणि शुद्ध मराठीत माणसाचा कचरा करण्यात एक नंबर! संशोधन रक्ताच्या आणि लोहाच्या आजारांवर. वरच्या मजल्यावर प्रयोगाचे उंदीर. त्या मजल्याला कागदोपत्री लांबलचक इंग्रजी नाव होतं, आम्ही उंदीरघर म्हणायचो.

तर या उंदीरघरासाठी माणूस हवा होता. गिरण्यांच्या संपाला बारा-तेरा वर्षं झाली होती. गिरणगावात तेव्हा माणूस शोधायला लागत नसे, तो दारातच उभा असायचा. इंटरव्ह्यूला परबमामा आले. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत, मूळ मालवणकडचे. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात सर्टिफिकेटांची पिशवी. ऑफिसातले साहेब फॉर्म भरत होते.

“आधी कुठे होता?”

“गिरणीत. बारा वर्षं. साचेखात्यात, कापड विणायला.”

“मग सोडली का?”

“मी नाय सोडली, साहेब,” मामा म्हणाले. “मी रोज गेटपर्यंत जात होतो. आत गिरणीच नव्हती.”

हे फॉर्मच्या कुठल्या रकान्यात बसवायचं ते साहेबांना कळेना. त्यांनी पेन थोडा वेळ हवेत धरलं आणि लिहिलं, ‘अनुभव नाही.’

मीही लालबागचा, मीही गिरणी कामगाराचाच पोरगा. पण मी बीएस्सी झालो होतो म्हणून मला खुर्ची मिळाली आणि मामांना झाडू. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही, मी मात्र घेतलं.

*

मामांनी ही नोकरी एवढी घट्ट का धरली ते मला सहा महिन्यांनी कळलं. मुलीसाठी! शुभांगी, एकुलती एक, संपाच्या वर्षी जन्मलेली. लहानपणापासून पांढुरकी, दोन पावलं चालली की धापा. मामांनी सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न केलेलं, आमच्याकडे सर्रास करतात तसं. दोघांच्याही रक्तात एकच खोट, ती पोरीत दोन्हीकडून उतरली. थॅलेसेमिया.

तिचा प्रकार मधला. रक्त भरायला लागायचं ते कधीमधी, पण जेवणातलं लोह तिचं शरीर अधाशासारखं ओढून घ्यायचं. म्हणजे रक्त कमी आणि लोह जास्त. आता हे चाळीला कोण समजावणार? पोरगी पांढरी दिसली की चाळ एकच काम करते, खायला घालते! तळमजल्यावरच्या काकू हळिवाचे लाडू पाठवायच्या. पहिल्या मजल्यावरची कोळीणमावशी खास तिच्यासाठी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणायची. बीट, खजूर, काळे मनुके. नाक्यावरच्या डॉक्टरनं तर तीन वर्षं लोहाचं टॉनिक पाजलं होतं. बाटली संपली की पुढची.

मामा तिला बाईंकडे घेऊन आले. बाईंनी रिपोर्ट पाहिला आणि हे सगळं ऐकून कपाळाला हात लावला.

“आजपासून लाडू बंद. टॉनिक बंद. लोखंडी कढईत भाजी बंद. जे जे पौष्टिक म्हणून सांगतील ते ते बंद!”

मामी रडायलाच लागल्या. “बाई, एवढ्या मायेनं देतात हो सगळे. नको कसं म्हणायचं?”

शुभांगी तेव्हा आठवीत होती. ती आईला म्हणाली, “अगं आई, माझ्या लिव्हरमध्ये आख्खी चाळ राहायला आलीय!”

बाई हसल्या. बाई हसताना मी पहिल्यांदा पाहिल्या. मग त्या मामांना म्हणाल्या, “मामा, हिच्यासाठी काहीतरी करू आपण.” त्या दिवसापासून लॅबमध्ये आम्ही कशाच्या मागे आहोत ते आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. शुभांगीचं लिव्हर निकामी होण्याआधी औषध तयार झालं पाहिजे. बाकी सगळ्या गोष्टी दिल्लीला पाठवायच्या कागदावर.

*

औषध तयार व्हायला लागेपर्यंत शुभांगी शाळा संपवून कॉलेजात गेली, कॉलेज संपवून बालवाडीत बाई झाली. जगात आरएनएची हवा सुरू झाली होती आणि रेगेबाईंनी त्यात उडी घेतली. एक दिवस त्यांनी ठरवलं की आपण काय करतोय ते लॅबमधल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. प्रत्येकाला म्हणजे मामांनाही. खडू घेऊन फळ्यावर चित्र काढलं.

“हे बघा मामा. हे आतड्यातलं गेट. इथून जेवणातलं लोह रक्तात येतं. गेटवर वॉचमन आहे. लोह पुरेसं झालं की तो गेट लावून घेतो. पण शुभांगीच्या शरीरात आतून सारखी चिठ्ठी येते, वॉचमनला घरी पाठवा. वॉचमन गेला की गेट सताड उघडं! ही चिठ्ठी म्हणजे आरएनए. पेशीच्या ऑफिसातून कारखान्यात हुकूम नेणारा. आपण आरएनएचाच एक छोटा तुकडा बनवतोय. तो ही चिठ्ठी वाटेत गाठतो आणि फाडून टाकतो. हुकूम पोचलाच नाही की वॉचमन जागेवर, आणि गेट बंद!”

मामांनी पुढे होऊन फळ्यावरच्या गेटला बोट लावलं.

“कळलं ना?”

“कळलं तर. ऑफिसातून निघालेली चिठ्ठी खात्यात पोचत नाय, हे आम्ही रोजच बघायचो,” मामा म्हणाले. “पण बाई, गेट बंद असं हसत हसत सांगणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं मला.”

बाईंनी फळा पुसला. त्यानंतर त्या वॉचमनबद्दल बोलायच्या, चिठ्ठीबद्दल बोलायच्या, पण ते दोन शब्द त्यांनी मामांसमोर पुन्हा काढले नाहीत.

*

आता माझ्या गाढवपणाचा किस्सा. लपवून काय करू?

आरएनएचा स्वभाव असा की त्याला माणसाचा हात चालत नाही. आपल्या कातडीवर, घामात असं काहीतरी असतं की ते लागलं की आरएनए खलास! म्हणून सगळं काम ग्लोव्ह्ज घालून, आणि काम झालं की नमुना थेट उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये. शुभांगी दर सहा महिन्यांनी येऊन रक्त देऊन जायची. तिचे आणि बाकी पेशंटचे मिळून दोन-अडीच वर्षांचे नमुने त्या फ्रीझरमध्ये होते. बाईंचा जीव त्यात होता म्हटलं तरी चालेल.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करायचो. गिरणीत साच्यांची करायचे तशीच, मामांचा आग्रह. बाई म्हणायच्या, “माझ्यासमोर करू नका. माझी पाठ वळली की काय ते करा.” त्या वर्षी जोरात केली. प्रत्येक मशीनला झेंडूचा हार, फ्रीझरवर हळदीकुंकू, समोर नारळ. मी लालबागहून लायटिंगची माळ आणली होती, गणपतीत लावतात तसली. लावायला प्लग मिळेना. फ्रीझरच्या मागे एका बोर्डवर दोन प्लग दिसले. त्यातला एक स्टॅबिलायझरचा जादाचा असेल, असं समजून मी तो काढला आणि माळ लावली.

फ्रीझर कोकलायला लागला. अलार्मच असतो त्याचा. पण इकडे आरती सुरू झालेली! मी म्हटलं, हा नेहमीच कोकलतो, आणि बटण दाबून गप्प केला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

तिसऱ्या दिवशी सकाळी आलो तर फ्रीझरखाली पाण्याचं थारोळं आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या. माळ मात्र झकास लुकलुकत होती.

बाई आल्या. दार उघडून आत बघितलं, बंद केलं. माळेकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, “काय तावडे, देव पावला?”

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पंधरा दिवस माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

सगळ्या पेशंटना फोन करून पुन्हा बोलवायचं काम माझ्यावर आलं. लाज वाटत होती. शुभांगी त्याच दुपारी नायगावहून आली, बाही वर केली आणि हात पुढे केला.

“घ्या काका, कितीपण घ्या. मला तरी त्या रक्ताचा कुठे उपयोग होतोय!”

ती हसत होती. मी सुई लावताना तिच्याकडे बघितलंच नाही.

*

आणि एक दिवस औषध चाललं! शुभांगीसारखाच आजार असलेले उंदीर, त्यांना काही आठवडे आमच्या आरएनएच्या सुया दिल्या, आणि लोह उतरलं, रक्त वाढलं. बाईंनी तीन वेळा तपासलं. मग स्वतः दादरहून पेढे आणले. मामा तर उंदीरघरात जाऊन पिंजऱ्यांसमोर उभे राहून त्यांना शाबासकी देत होते. “शाब्बास रे माझ्या वाघांनो!”

दुसऱ्या दिवशी बाईंनी यादी दिली. या पिंजऱ्यातले सगळे उंदीर मारायचे, लिव्हर आणि प्लीहा काढून वजन करायचं.

मामा यादी घेऊन खाली आले. “बाई, काहीतरी चुकलंय. हे बरे झालेले आहेत.”

“म्हणूनच, मामा. मारल्याशिवाय ते आतून बरे झाले हे सिद्ध करता येत नाही.”

मामांनी यादीची घडी घातली, पुन्हा उघडली.

“मग माणसाचं कसं सिद्ध करणार?”

बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. मामा वर गेले आणि यादीप्रमाणे काम केलं, उंदीर हाताळत होते मात्र इतक्या अलगद की मला बघवेना.

*

पेपरात बातमी आली. एक पोरगेलासा वार्ताहर येऊन बाईंशी तासभर बोलून गेला होता. बाईंनी त्याला दहा वेळा बजावलं, “उंदरांमध्ये लिहा. उंदरांमध्ये हा शब्द गाळू नका.” त्यानं मान डोलावली. छापून आलं, ‘थॅलेसेमियावर परळच्या शास्त्रज्ञांचं औषध यशस्वी!’ उंदीर गायब.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बिल्डिंगखाली रांग. कॉटन ग्रीनहून, चिंचपोकळीहून, पार कल्याणहून आलेले आईबाप, कडेवर पिवळी पडलेली पोरं, हातात पेपरचं कात्रण. बाई स्वतः खाली उतरल्या. एकेकासमोर उभ्या राहून हात जोडून सांगत होत्या, “अहो, हे उंदरांवर केलंय. माणसांना यायला अजून खूप वर्षं आहेत. चुकीचं छापलंय, मला माफ करा.”

काही रडले, काही शिव्या घालून गेले. शेवटी एक म्हातारे राहिले. धोतर, काळी टोपी, बरोबर सातआठ वर्षांची नात. बाईंनी त्यांनाही तेच सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं बरं,” ते म्हणाले. “मग तेच द्या. उंदराचं असलं तरी चालेल आम्हाला.”

*

मध्ये एक छोटासा. मोठी कॉन्फरन्स होती, परदेशी पाहुणे, पंचतारांकित हॉटेल. बाईंचं पोस्टर घेऊन मी आणि मामा गेलो. हॉटेल बघितलं आणि मामा फुटपाथवरच थांबले. त्यांच्या गिरणीच्या जागेवर बांधलेलं!

आत गेलो. पोस्टर लावलं. जेवणाच्या वेळी एक गोरा शास्त्रज्ञ आला, फार सज्जन माणूस, सगळ्यांशी हात मिळवत होता. मामांच्याही शर्टाला कॉन्फरन्सचा बिल्ला होता. त्यानं मामांचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत विचारलं, “तुमचं डिपार्टमेंट कुठलं?”

डिपार्टमेंट हा शब्द मामांना चांगला कळायचा. त्यांनी बोट दाखवलं.

“वीव्हिंग. तिकडं, बुफे लावलाय ना, तिथं.”

गोऱ्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी भाषांतर केलं नाही, त्याला मिठाई घ्या म्हणाल्या.

*

आमचं औषध पुढे सरकलं नाही. उंदरांतून माणसांत न्यायला लागणाऱ्या परवानगीची फाइल दिल्लीत कुठल्या टेबलावर बसली ते आजवर कळलेलं नाही. तोवर शुभांगी तिशी ओलांडून गेली होती. लोह बाहेर काढायच्या गोळ्या मिळतात, त्या तिच्या किडनीला सोसेनात. लिव्हर कडक व्हायला लागलं होतं. हृदयातही लोह दिसायला लागलंय, असं वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं. वेळ फार उरलेला नाही हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

आणि अचानक बातमी आली. बाहेरच्या एका कंपनीनं अगदी तसंच आरएनएचं औषध बनवलंय, माणसांवर चाचणी करणार, आणि मुंबईतलं केंद्र आमचं हॉस्पिटल! काम रेगेबाईंच्या लॅबकडे! बाई चक्क धावत उंदीरघरात गेल्या. “मामा, पहिलं नाव शुभांगीचं!”

मग नियमांचं पुस्तक आलं. त्यात एक ओळ. जिथे चाचणी होते तिथल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना चाचणीत घेता येणार नाही.

बाईंनी फोन केले, मेल केले, भांडल्या. “अहो, तो माणूस पिंजरे धुतो! तो काय गडबड करणार?” तिकडून एकच उत्तर, नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, “बाई, आडनाव बदलून घालू या का?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत तोंड उघडलं नाही. च्यायला, आयुष्यभर खरं वागून मिळालं काय?

शेवटी बाईंनी मामांना बोलावून स्वतः सांगितलं. मामा ‘बरं’ म्हणाले आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ऑफिसात हजर. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. हातात राजीनामा. रिटायर व्हायला नऊ महिने बाकी होते.

क्लार्कनं कागद वाचला. त्यालाही वाईट वाटलं असणार, पण त्याच्या तोंडून निघालं भलतंच. “परब, तुम्ही तर सांगायचात, संपात सगळ्यांनी सह्या केल्या तरी मी राजीनामा दिला नाही म्हणून!”

“तेव्हा मालक मागत होता,” मामा म्हणाले. “आज कोणी मागितलेला नाय. शिक्का मारा.”

*

हा शेवटचा, आणि हा मी कट्ट्यावर कधी सांगितलेला नाही.

शुभांगी चाचणीत गेली. वर्षभर, महिन्याला एक सुई. निम्म्या पेशंटना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय ते पेशंटला माहीत नाही, आम्हाला नाही, बाईंनाही नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरला तेवढं माहीत. पण एक गोष्ट लेखी होती. वर्ष संपलं की मिठाच्या पाण्यावाल्यांनाही खरं औषध मिळणार.

वर्ष संपलं आणि मेल आला. धोरणात्मक कारणांमुळे कंपनी हा कार्यक्रम इथेच थांबवत आहे, आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल आभार. औषध वाईट निघालं नव्हतं हो! कंपनीला दुसऱ्या कुठल्या आजारात जास्त रस वाटायला लागला, बस. बाईंनी पत्रांवर पत्रं लिहिली. दर वेळी आभार. शेवटच्या मेलच्या खाली यादी होती, कुठल्या नंबरच्या पेशंटला काय दिलं गेलं. बाईंनी शुभांगीचा नंबर शोधला, बोट ठेवलं आणि मला दाखवलं.

मिठाचं पाणी.

“हे फोनवर सांगायचं नाही,” बाई म्हणाल्या. “तावडे, चला.”

दुपारी चारला नायगावला पोचलो. मामांची खोली तिसऱ्या मजल्यावर. मामी गावी गेलेल्या, शुभांगी बालवाडीतून यायची होती. मामांनी आम्हाला बसवलं आणि स्टोव्हवर चहा ठेवला. मी दाराजवळच्या स्टुलावर, बाई खाटेवर. बाईंना आडून बोलायची सवय नव्हतीच.

“मामा, तिला औषध मिळालंच नाही. वर्षभर आपण तिला मिठाचं पाणी टोचलं. आणि आता कंपनी औषधही देणार नाही. मला काहीच करता आलं नाही, मामा.”

मामांनी चहा गाळला. गाळणी हलवून चोथा टाकला.

“ठाऊक आहे मला.”

बाई ताडकन उठल्या. “कुणी सांगितलं? हे मलाच आज कळलंय!”

“कोण सांगणार, बाई? एवढी वर्षं उंदीरघर केलं, पण औषधाचा पिंजरा कुठला आणि पाण्याचा कुठला ते बघायला मी नंबर कधी वाचला नाय. औषधवाल्यांचे कान दोन महिन्यांत गुलाबी व्हायचे, पाणीवाल्यांचे तसेच पांढरे. शुभा रोज सकाळी मला चहाचा कप देते. नखं दिसतात ना.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तिसऱ्या सुईपासून ती मला सांगायला लागली, बाबा, आज तिन्ही मजले न थांबता चढले. त्या दिवसापासून रोज सांगते.” मामांनी कप बाईंच्या हातात दिला. “घ्या, निवेल.”

मी काही बोलणार एवढ्यात खालून जिन्यात पावलं ऐकू आली. मी दाराशीच होतो, मला स्पष्ट ऐकू येत होतं. पावलं पहिल्या मजल्यापर्यंत आली, तिथं थांबली. मग हळूहळू दुसऱ्यापर्यंत, आणि तिथं बराच वेळ काहीच नाही. माझ्या हातातल्या चहावर साय धरली. बाई दाराकडे बघत होत्या. मामा ओट्यावरची भांडी उगाचच इकडची तिकडे करत होते. मग पावलं पुन्हा सुरू झाली, ती एकदम झपझप.

शुभांगी दारात आली. ओठ पांढरेफटक, कपाळावर घाम, चेहरा हसरा.

“अय्या, मॅडम तुम्ही! तावडेकाका! बाबा, आज पण एकदासुद्धा थांबले नाय हां!”

मामा पुढे झाले, तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि बाईंकडे बघत म्हणाले, “बघितलंत बाई? औषध कसं लागू पडलंय आमच्या पोरीला!”

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

“हो ना,” बाई म्हणाल्या. “दिसतंच आहे.”